पहिला गेमिंग कॉम्प्युटर घरी जुळवताना : भाग कोणते, पैसे कुठे

शाळेच्या परीक्षा संपून उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्याकडच्या बऱ्याच घरांत जेवणाच्या टेबलावर एक अर्ज दाखल होतो. अर्जदाराचे वय साधारण तेरा ते सतरा. मागणी एकच : "आई, बाबा, मला माझा कॉम्प्युटर स्वतः बिल्ड करायचाय." सोबत एक यादी असते. तीत आठ-दहा अगम्य नावे, प्रत्येक नावापुढे एक आकडा आणि तळाशी बेरीज. ती बाराशे, पंधराशे, कधी दोन हजार डॉलरही असते. आपल्यापैकी जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्यांनाही ही यादी पाहून घाम फुटतो. कारण ऑफिसचा लॅपटॉप ऑफिस देते. त्याच्या पोटात काय आहे हे पाहायची वेळ आपल्यावर कधी येतच नाही.

मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "नुसत्या खेळण्यासाठी एवढे पैसे?" दुसरा म्हणतो, "जाऊ दे, काहीतरी शिकेल, घेऊन टाकू." दोन्ही पक्षांना विनंती अशी की निकाल देण्याआधी ही यादी घरातल्या इतर मोठ्या खरेदीसारखीच तपासावी. फ्रिज घेताना तो स्वयंपाकघराच्या कोनाड्यात मावेल का, किती वर्षे चालेल, बिघडला तर कोण बघेल, हे आपण विचारतोच. इथेही तेच विचारायचे आहे. त्यासाठी एकही गेम खेळता यायची गरज नाही.

तयार घ्यावा की जुळवावा?

पहिला प्रश्न मुलांना न आवडणारा आहे, पण विचारावा. फक्त खेळायचेच असेल तर प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स स्वस्त पडतो. टीव्हीला जोडला की काम झाले. कॉम्प्युटरचे जादा पैसे तेव्हाच वसूल होतात जेव्हा त्यावर अभ्यास, प्रोग्रॅमिंग, व्हिडिओ एडिटिंग किंवा ड्रॉइंगही होणार असते.

गेमिंग लॅपटॉप हा दुसरा पर्याय. तो हॉस्टेलवर नेता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण त्यातली ग्राफिक्स चिप बहुतेक वेळा बोर्डालाच डाग देऊन पक्की केलेली असते. चार वर्षांनी ती कमी पडू लागली की सगळा लॅपटॉपच बदलावा लागतो. तयार मिळणाऱ्या डेस्कटॉपमध्ये काही फार चांगले असतात, पण काहींत मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय कंपनीच्या स्वतःच्या खास मापाचे असतात. वॉरंटी संपल्यावर बाजारातला दुसरा भाग तिथे बसत नाही.

घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरचा खरा फायदा इथेच आहे. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचे एक माप ठरवले. त्यात मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा आणि स्क्रूची भोके ठरलेल्या जागी. ते माप आजही चालू आहे. म्हणून एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो आणि एक भाग जुना झाला तर तेवढाच बदलता येतो. 'टिकाऊ कॉम्प्युटर' याचा अर्थ कधीच न बिघडणारा असा नव्हे. ज्याचा एक भाग गेला तर बाकीचे कामाला येतात, तो टिकाऊ.

सहा जोड्या तपासा

लग्न जुळवताना पत्रिका पाहणारे आपण लोक. इथे छत्तीस गुण नाहीत, सहाच जोड्या आहेत, पण त्या सहाच्या सहा जुळायला हव्यात.

१. प्रोसेसर आणि मदरबोर्ड. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. दोन्हींचा सॉकेट एक हवा, हे तर झालेच. पण नाव सारखे आहे म्हणून निश्चिंत राहू नये. इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए ११५१ सॉकेटवर चालत. २०१७ च्या ऑक्टोबरात आठवी पिढी आली. तिच्या सॉकेटचे नाव तेच, पिनांची संख्या तीच, तरीही जुन्या बोर्डांवर ती चालत नव्हती. म्हणून फक्त सॉकेटवर विसंबू नका. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. तीत आपला प्रोसेसर नावानिशी शोधा. नावापुढे बायोसची किमान आवृत्तीही लिहिलेली असते. बोर्ड दुकानात वर्षभर पडून असेल तर त्यात जुना बायोस असतो आणि नव्या प्रोसेसरला तो ओळखत नाही. ज्या बोर्डावर 'बायोस फ्लॅशबॅक'चे बटण असते त्याचा बायोस प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हने बदलता येतो. पहिल्यांदाच जुळवणाऱ्याने दहा-वीस डॉलर जास्त देऊन असा बोर्ड घ्यावा.

२. मेमरी आणि मदरबोर्ड. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन पिढ्यांच्या पट्ट्या दिसायला जुळ्या बहिणी, पण त्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एएमडीच्या एएम ५ सॉकेटवर फक्त डीडीआर ५ चालते. इंटेलच्या एलजीए १७०० वर काही बोर्ड डीडीआर ४ चे आहेत, काही डीडीआर ५ चे, आणि नावात एका अक्षराचाच फरक असतो. पट्ट्या एकाच पाकिटातल्या दोन घ्याव्यात. आज एक आणि पुढच्या वर्षी तशीच दुसरी, हा हिशेब बऱ्याचदा फसतो, कारण त्याच नावाच्या पट्टीत आतल्या चिपा बदललेल्या असू शकतात.

३. ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर. सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि सगळ्यात जास्त वायाही इथेच जातात. साध्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७० हजार ठिपके असतात. २५६० बाय १४४० वर सुमारे ३६ लाख ९० हजार. ज्याला ४के म्हणतात त्या पडद्यावर सुमारे ८३ लाख, म्हणजे पहिल्याच्या चौपट. कार्डाला हे सगळे ठिपके सेकंदाला साठ, शंभर किंवा त्याहून जास्त वेळा रंगवायचे असतात. म्हणून आधी मॉनिटर ठरवावा आणि मग त्याला पुरेल एवढे कार्ड. घरात जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर आहे आणि तोच वापरायचा आहे, तर हजार डॉलरचे कार्ड म्हणजे गल्लीत चालवायला घेतलेली रेसची गाडी.

कार्डाच्या स्वतःच्या मेमरीकडेही लक्ष द्या. एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय एप्रिल २०२५ मध्ये आले, तेव्हा ८ जीबीची जाहीर किंमत ३७९ डॉलर होती आणि १६ जीबीची ४२९. एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी त्याच वर्षी जूनमध्ये आले. त्यात हेच आकडे २९९ आणि ३४९ होते. दोन्हीकडे फरक पन्नास डॉलरचा होता. नव्या गेमना ८ जीबी अपुरी पडू लागली आहे. पाच वर्षे कार्ड वापरायचे असेल तर जास्त मेमरीचे कार्ड घेणे शहाणपणाचे. बाजारभाव मात्र खरेदीच्या दिवशीच पाहावा.

४. पॉवर सप्लाय आणि बाकी सगळे. बेरीज अगदी सोपी आहे. उदाहरण म्हणून एएमडीचा रायझन ५ ७६०० घेऊ. तो जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो. वरच्यापैकी आरटीएक्स ५०६० टीआय कार्ड १८० वॉट. बोर्ड, पंखे, मेमरी, एसएसडी मिळून ६० धरा. झाले ३२८ वॉट. कार्ड क्षणभर ठरलेल्यापेक्षा जास्त ओढते आणि उद्या मोठे कार्ड येऊ शकते, म्हणून ६५० वॉटचा सप्लाय पुरेसा. यादीत हजार वॉट लिहिले असतील तर का, हे विचारा.

वॉटपेक्षा महत्त्वाचा आहे दर्जा. डब्यावर '८० प्लस गोल्ड' लिहिलेले असते. ते फक्त भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जात नाही, एवढेच सांगते. सप्लाय किती वर्षे टिकेल हे त्यावरून कळत नाही. ते कळायचे तर वॉरंटी पाहा. चांगल्या सप्लायवर सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी मिळते. जो उत्पादक दहा वर्षे लिहून देतो त्याला आतल्या कपॅसिटरवर भरवसा असतो.

५. कॅबिनेट आणि आत बसणारे सगळे. इथे टेप घेऊन बसायचे. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात तीन मापे असतात : बोर्डाचा प्रकार, कार्डाची कमाल लांबी आणि कूलरची कमाल उंची. तीन पंख्यांचे कार्ड ३०० मिलिमीटरच्या पुढे सहज जाते. प्रोसेसरवरचा उंच कूलर १५५-१६० मिलिमीटरचा असतो. कॅबिनेट अरुंद असेल तर बाजूची काच बंदच होत नाही. समोरची बाजू जाळीची असावी. नुसती काच लावलेले कॅबिनेट शोभून दिसते, पण आत हवा कुठून येणार?

६. एसएसडी आणि बोर्डावरची खाच. आजकालच्या एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या असतात, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० लांब. या एम.२ आकारात दोन जाती आहेत : साटा आणि एनव्हीएमई. आकार तोच, पण काही खाचांत एकच जात चालते. बोर्डाचे माहितीपत्रक पाहिले की पाच मिनिटांत उलगडा होतो.

एवढे सगळे हाताने ताडायचा कंटाळा असेल तर 'पीसी पार्ट पिकर' या संकेतस्थळावर यादी भरावी. न जुळणारी जोडी ते बहुतेक वेळा दाखवून देते. तरी बायोस आणि मापे स्वतः पाहिलेली बरी.

कुठला भाग किती वर्षे साथ देतो

पैसे कुठे घालायचे याचे उत्तर इथे आहे. जे भाग हळूहळू जुने होतात त्यांवर हात सैल सोडावा, जे झपाट्याने जुने होतात त्यांवर आखडता घ्यावा.

कॅबिनेट, पॉवर सप्लाय, मॉनिटर आणि कीबोर्ड हे भाग दोन कॉम्प्युटरना पुरतात. आज चांगले घेतले तर मूल कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत पाहावे लागत नाही. त्यामुळे पॉवर सप्लायमध्ये चाळीस डॉलर वाचवणे हा सगळ्यात महागडा कंजूषपणा. तो बिघडला तर कधी कधी एकटा जात नाही, इतर भागांनाही घेऊन जातो.

मदरबोर्ड घेताना त्याच्या सॉकेटचे आयुष्य पाहावे. एएमडीच्या एएम ४ सॉकेटवर २०१७ साली पहिले रायझन आले आणि २०२२ साली आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा त्या काळी गेमिंगसाठी नावाजलेला प्रोसेसरही त्याच सॉकेटचा होता. २०१७ च्या कित्येक बोर्डांवर तो केवळ बायोस बदलून चालला. ज्यांनी तो बोर्ड घेतला होता त्यांना पाच वर्षांनी बोर्ड आणि मेमरी तशीच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता आला. २०२२ साली आलेल्या एएम ५ ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ, असे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलच्या एलजीए १७०० वर २०२१ ते २०२३ अशा तीन पिढ्या आल्या आणि २०२४ मध्ये एलजीए १८५१ हा नवा सॉकेट आला. इंटेल घेऊ नये असा याचा अर्थ नाही. पण पुढे फक्त प्रोसेसर बदलण्याचा बेत असेल तर हा फरक लक्षात ठेवावा.

प्रोसेसर स्वतः क्वचितच बिघडतो, पण अपवाद घडतात. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचे २०२४ साली उघड झाले. कंपनीने बायोसमार्फत सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जुन्या बाजारात हे प्रोसेसर स्वस्त दिसले तर हा इतिहास माहीत असू द्या.

एसएसडीच्या आयुष्याची काळजी मात्र करू नये. १ टीबीच्या अनेक चांगल्या एसएसडींवर ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी असते. रोज ३० जीबी लिहिले तरी तेवढे लिहायला चोपन्न वर्षे लागतील.

सर्वांत झपाट्याने जुने होते ते ग्राफिक्स कार्ड. म्हणून मधल्या दर्जाचे घ्यावे आणि चार-पाच वर्षांनी बदलावे. आज सर्वांत महाग कार्ड घेऊन ते दहा वर्षे चालवण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो.

बाराशे डॉलरचे अंदाजपत्रक

नुसत्या कॉम्प्युटरचे, मॉनिटर सोडून, बाराशे डॉलर धरले तर वाटणी साधारण अशी असावी : ग्राफिक्स कार्ड ३६ टक्के म्हणजे ४३२ डॉलर, प्रोसेसर १६ टक्के म्हणजे १९२, मेमरी १४ टक्के म्हणजे १६८, मदरबोर्ड १२ टक्के म्हणजे १४४, एसएसडी ९ टक्के म्हणजे १०८, पॉवर सप्लाय ८ टक्के म्हणजे ९६ आणि कॅबिनेट ५ टक्के म्हणजे ६०. काही प्रोसेसरांबरोबर कूलर येतो (रायझन ५ ७६०० बरोबर येतो), काहींबरोबर येत नाही. येत नसेल तर तोही धरावा.

ही वाटणी दगडावरची रेघ नव्हे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत मेमरीचे भाव झपाट्याने चढले, कारण चिपा बनवणारे कारखाने आपला माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवू लागले. खरेदीच्या दिवशी मेमरी महाग असेल तर ३२ जीबीऐवजी १६ जीबीवर सुरुवात करावी किंवा ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली घ्यावे. पॉवर सप्लायला कात्री लावू नये.

आणि यादीत मुले हमखास विसरतात त्या गोष्टी आपण लिहायच्या. सेल्स टॅक्स. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, हेडफोन. विंडोज ११ होमचा परवाना, ज्याची छापील किंमत १३९ डॉलर आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत साथ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली, तेव्हा जुनीच टाकू असे म्हणून चालणार नाही. आणि वायफाय : पुष्कळ स्वस्त बोर्डांवर ते नसतेच. राउटर दिवाणखान्यात आणि कॉम्प्युटर बेसमेंटमध्ये असेल तर पहिल्याच संध्याकाळी हे ध्यानात येते.

सगळे एकाच पंधरवड्यात घ्या

काटकसरी घरांत एक प्रथा दिसते. दर महिन्याला सेल पाहून एकेक भाग घ्यायचा. मार्चमध्ये कॅबिनेट, मेमध्ये बोर्ड, जुलैत प्रोसेसर, थँक्सगिव्हिंगच्या सेलला कार्ड. ऐकायला छान वाटते, पण यात एक खोच आहे. परतीची मुदत दुकानागणिक पंधरा दिवस किंवा महिनाभर असते, आणि ती खरेदीपासून मोजतात. मदरबोर्ड मेमध्ये घेतला आणि तो पहिल्यांदा चालू झाला डिसेंबरमध्ये, तर तो मुळातच बिघडलेला होता हे तेव्हा कळणार. दुकानाची मुदत गेलेली असणार. मग उत्पादकाकडे पाठवा आणि कित्येक आठवडे वाट पाहा. शिवाय मधल्या सहा महिन्यांत वॉरंटीही पाकिटातल्या पाकिटात संपत असते.

त्याऐवजी दर महिन्याला पैसे वेगळे काढावेत, वाढदिवसाचे आणि बेबीसिटिंगचेही त्यात टाकावेत, आणि पुरेसे जमले की सगळे भाग एकाच पंधरवड्यात घ्यावेत. घराजवळ मायक्रो सेंटरसारखे दुकान असेल तर प्रोसेसर, बोर्ड आणि मेमरी यांची जोडीने विक्री असते. भाव बरा पडतो आणि ते तिन्ही एकमेकांशी जुळणारे असतात. खोकी आणि पावत्या मुदत संपेपर्यंत टाकू नयेत.

जुने भाग घ्यावेत का? कॅबिनेट, कूलर, प्रोसेसर जुने चालतील. ग्राफिक्स कार्ड चालू स्थितीत समोर पाहिल्याशिवाय घेऊ नये. पॉवर सप्लाय जुना घेऊ नये.

जुळवणीचा दिवस

हा दिवस घरच्यांनी मिळून साजरा करण्यासारखा असतो. शनिवारची सकाळ ठेवावी. गालिच्यावर नको, लाकडी टेबलावर बसावे आणि अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज भागांवर उतरत नाही. स्क्रूड्रायव्हर एकच लागतो, फिलिप्सचा.

मोठ्यांनी चार गोष्टींवर नजर ठेवावी. बोर्डाखालचे पितळी खुंट बोर्डाच्या भोकांशी जुळलेच पाहिजेत, जादा खुंट राहिला तर शॉर्ट होतो. कूलरच्या तळाचे प्लास्टिक काढायला विसरू नये. मेमरीच्या दोन पट्ट्या चार खाचांपैकी बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात, माहितीपत्रकात चित्र असते. आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावावी.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. ज्या पॉवर सप्लायच्या वायरी सुट्या निघतात, त्याच्या वायरी दुसऱ्या सप्लायला कधीही लावू नयेत. टोक बसते, पण आतली पिनांची रचना वेगळी असू शकते आणि एका क्षणात एसएसडी किंवा बोर्ड जळतो. दुसरी गोष्ट मोठ्या कार्डांवरच्या सोळा पिनी जोडाची. २०२२ साली आरटीएक्स ४०९० आले तेव्हा हे प्लग वितळल्याच्या तक्रारी झाल्या. अर्धवट बसवलेला प्लग हे त्याचे एक कारण निघाले. प्लग पूर्ण आत गेला आहे ना, हे टॉर्च लावून पाहावे. आणि पॉवर सप्लायचा डबा कुणीही, कशासाठीही उघडू नये. वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर धक्का देऊ शकतात.

पहिल्यांदा चालू झाला की बायोसमध्ये जाऊन मेमरीचा पूर्ण वेग चालू करावा (एएमडीवर त्याला एक्सपो म्हणतात, इंटेलवर एक्सएमपी). नाहीतर पैसे वेगवान मेमरीचे आणि चाल मंद, असे होते.

डोळे, पाठ आणि विजेचे बिल

कॉम्प्युटर जुळला, पण बसणारा शरीराने बसतो. मॉनिटर हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. दर वीस मिनिटांनी वीस फूट दूर वीस सेकंद पाहावे, असा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला आहे. पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची हवी. गेमिंग खुर्ची म्हणून विकली जाणारीच हवी असे नाही. हेडफोनचा आवाज बाहेरच्या माणसाला ऐकू येत असेल तर तो जास्त आहे.

आणि बिल. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून ३५० वॉट, रोज तीन तास, म्हणजे दिवसाला १.०५ युनिट आणि वर्षाला सुमारे ३८३ युनिट. दर युनिटला २० सेंट धरला तर वर्षाचे ७७ डॉलर. ही सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन उतरते, तेव्हा उन्हाळ्यात एसीचे बिल वेगळे.

पुढे कधी सहकुटुंब पुण्या-मुंबईला परत जायचा विचार असेल तर पॉवर सप्लायवरचे लेबल पाहून ठेवा. त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिले असेल तर भिंतीतली वायर बदलली की तोच कॉम्प्युटर तिथल्या २३० व्होल्टवर चालतो.

यादी हातात आली की

अर्जदाराला समोर बसवा आणि विचारा. बोर्डाच्या यादीत हा प्रोसेसर आहे का, आणि कुठल्या बायोसवर? मेमरी कुठल्या पिढीची? हे कार्ड कुठल्या मॉनिटरसाठी? वॉटची बेरीज किती आणि सप्लायला वॉरंटी किती वर्षांची? कार्ड आणि कूलर कॅबिनेटमध्ये मावतात का, मिलिमीटरमध्ये सांग. एसएसडीला योग्य खाच आहे का? पाच वर्षांनी यातले काय बदलशील आणि काय ठेवशील?

ज्या मुलाला किंवा मुलीला या प्रश्नांची उत्तरे देता येतात, त्याने किंवा तिने अभ्यास केलेला आहे. खर्च किती करायचा हे मग तुम्ही ठरवा. उत्तरे येत नसतील तर रागावू नका, आठवडाभराची मुदत द्या. सगळे जुळून आल्यावर एका फाइलमध्ये पावत्या, भागांचे सिरियल नंबर आणि वॉरंटीच्या तारखा लावून ठेवा. तीन वर्षांनी एखादा पंखा किंवा सप्लाय रुसला तर ती फाइल शोधायला मुले तुमच्याकडेच येतील.